सत्तावीस

कूलर उतरवायला चौघे लागले.
एकतीस उन्हाळे खिडकीत बसून
तो भिंतीचाच झाला होता;
स्टँड निघताना थोडा चुना
आणि चिमणीचं एक जुनं घरटं घेऊन गेला.
खिडकी उघडी पडली.
तिच्यातून बोकड्यांची गच्ची दिसते
हे मी विसरलोच होतो.

तौसीफ नावाचा पोरगा स्टुलावर चढून
तांब्याची नळी वाकवत होता,
केळीचं पान आचेवर धरताना जपतात तशी.
म्हणाला, "काका, थंडही करते, गरमही करते.
पाच-सात दिवस दार लावून ठेवा.
घराले सवय लागाले वेळ लागते."
मंदा म्हणाली, "अन् आम्हाले?"
त्याने हसून रिमोट तिच्याच हातात दिला.

बाहेर शेहेचाळीस.
मानेवाड्याचा रस्ता चपलांना डांबर चिकटवत होता.
आत आम्ही दोघं सोफ्यावर,
पाहुण्यांच्या घरी बसावं तसे, पाय जवळ घेऊन.
चोवीस, मी म्हटलं.
तिने शाल आणली.
तीस, ती म्हणाली.
मी बनियन काढलं.

संध्याकाळी सहाला माझे हात आपोआप
पाइपाकडे गेले.
टाकी भरायची नव्हती,
वाळा भिजवायचा नव्हता.
पाइप धरून अंगणात तसाच उभा राहिलो,
मग जास्वंदीला घातलं तेवढं पाणी, जरा जास्तच.
वाळ्याचा वास नाही
म्हणून कितीतरी वेळ रात्र झाल्यासारखी वाटेना.

अंथरुणावर ती काहीतरी म्हणाली.
"काय?"
पुन्हा म्हणाली.
"काय म्हणतेस?"
आणि सवयीने आम्ही दोघांनीही
खिडकीकडे पाहिलं.
तिथे काच होती.
काचेत बोकड्यांच्या जिन्यावरचा दिवा.

एकतीस वर्षं मी त्याच्यावर ढकललं.
तिची पाठ, तिच्या आईचं दुखणं,
पोरीने नागपूर सोडायचं ठरवलं ते,
सगळं त्याच्या घरघरीत टाकून
मोकळा झालो. कूलर चालू आहे ना.
हिवाळ्यात कानटोपी होती.

कोराडीला टर्बाइनपाशी तेहतीस वर्षं.
कापूस घालायचो कानात,
तोही साहेब येणार असले की.
वीज गेली गावोगाव,
आवाज तेवढा
मी घरी घेऊन येत राहिलो.

मंदा ओरडली नाही.
हेच त्या रात्रीचं नवं.
उठली, पलंगाला वळसा घालून
माझ्या उजव्या बाजूला येऊन झोपली;
लग्नापासून डावी तिची होती.
कानाशी येऊन म्हणाली,
सत्तावीस ठेवा.
ठेवलं.

यंत्र केव्हा थांबतं, केव्हा पुन्हा सुरू होतं,
मला फक्त हिरव्या ठिपक्यावरून कळतं.
मागच्या नळीतून ठिबकणारं पाणी
ती गंजात धरते आणि पुदिन्याला घालते.
तौसीफ सर्व्हिसिंगला आला तेव्हा म्हणाला,
"मावशी, आवाज येते का काही?"
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "बिलकुल नाही."
ती तोंडाला पदर लावून आत गेली.

आता डिसेंबर. काल पारा आठवर.
रिमोटवरचा सूर्य पहिल्यांदाच दाबला.
आधी धूळ जळल्याचा वास आला,
बॉयलर पेटताना यायचा
त्याचा दूरचा नातेवाईक.
मग खोली हळूहळू कोमट झाली,
चुलीपाशी कुणीतरी सरकून
जागा करून द्यावी तशी.

मी कानटोपी काढून उशाखाली ठेवली.
ती उजवीकडून काहीतरी म्हणाली.
सगळं नाही आलं.
"संत्री" आलं, "उद्या" आलं.
उरलेलं विचारून घेतलं.